अंतरे मर्यादित आहेत असे गृहीत धरू

दासगावचे एक गृहस्थ दर वर्षी मे महिना संपत आला की माझ्याकडे यायचे. मी काळावर संशोधन करते असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. खुर्चीत टेकायचे, टोपी गुडघ्यावर ठेवायचे आणि विचारायचे, "म्याडम, यंदा सावित्रीचं पानी कदी चढनार?"

"मला काय ठाऊक?"

"काळाचा अभ्यास हाय ना तुमचा?"

"काळाचा आहे. पाण्याचा नाही."

"मंग त्या अभ्यासाचा उपेग काय?"

"काही नाही. चहा घ्या."

चहा घ्यायचे, उठायचे, आणि पुढच्या वर्षी परत हजर. मलाही त्यांची सवय झाली होती. एकदा एक बाई मुलीच्या लग्नाचा मुहूर्त विचारायला आल्या, त्यांना मात्र मी दारातूनच वाटेला लावलं. महाडच्या कॉलेजात गणित शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली आणि संशोधन त्याच्या फटीफटीतून केलं. या अंकाच्या संपादकांनी कामाबद्दल लिहा म्हणून गळ घातली तेव्हा मी सांगितलं, माझ्या कामात वाचकाला रस वाटेल असं डोंबल काही नाही. ते ऐकेनात. मग मनात एकच गोष्ट आली, दर्शनाच्या प्रबंधातल्या एका ओळीची. तीच सांगते. आनंदाची नाही, आधीच सांगून ठेवते.

थोडं गणित सांगावं लागेल. घाबरू नका, आकडे नाहीत त्यात.

आम्हा गणितवाल्यांकडे काळ दोन तऱ्हेचा असतो. एक वाहता. नदीच्या पाण्यासारखा, कुठेही बोट घाला, तिथे तो असतोच. दुसरा उड्या मारणारा. भाताचं पीक वर्षाला एकदा. या वर्षीचं एक, पुढच्या वर्षीचं एक, मधलं काही मोजायचंच नाही. वाहत्या काळाचं गणित वेगळं, उड्यांचं वेगळं. त्यांची पुस्तकं वेगळी, त्यातली माणसं वेगळी, आणि ती एकमेकांना फारसं विचारतही नाहीत. एकच प्रमेय दोनदा सिद्ध होतं, एकदा या घरात, एकदा त्या घरात. आमच्या विषयाचं काम एवढंच की हा दुहेरी उद्योग बंद करायचा. काही ठिकाणी वाहणारा आणि काही ठिकाणी उडी मारणारा असा एकच काळ घ्यायचा आणि एकदाच सिद्ध करायचं. मराठीत त्याला रूढ शब्द नाही. मी काळपट्टी म्हणते.

बांधावरचा मुठा बघा, तो शेतातला खेकडा. पावसाळाभर बाहेर असतो, खातो, वाढतो, आमच्या कालवणातही येतो. भात कापलं की बिळाचं तोंड लिंपून आत. त्याच्या आयुष्याचं चित्र काढलं तर एक रेघ, मग कोरी जागा, मग पुन्हा रेघ. ही झाली काळपट्टी. त्या कोऱ्या जागेला आम्ही अंतर म्हणतो.

आता यातला खरा प्रश्न. एखाद्या चांगल्या चाललेल्या गोष्टीत थोडा बिघाड झाला तर ती आपोआप सावरते का? चुलीवर दूध ठेवलंय आणि तुम्ही समोर उभे आहात, तर जाळ कमीजास्त करत राहता आणि दूध उतू जात नाही. पण एकदा जाळ लावून तुम्ही बाजारात निघून गेलात, तर परत येईपर्यंत काय होईल ते दूधच जाणे. रेघेवर बिघाड सावरतो आणि अंतरात वाढतो. दोन्ही आळीपाळीने होत राहिलं तर शेवटी जिंकतं कोण? यावर मी वीसेक वर्षं कागद काळे केले. आमच्या पेपरांची सुरुवात ठरलेली असते, "काळपट्टी वरच्या बाजूने अमर्याद आहे असे गृहीत धरू." म्हणजे काळ पुढे कधी संपत नाही. लग्नपत्रिकेवर वर देवाचं नाव असतं ना, तसं ते वाक्य. छापलेलं असतं, वाचत कुणी नाही.

महाडात बसून हे करणं म्हणजे एकट्यानंच पत्ते खेळणं. बोलायला माणूस नाही. कॉलेजात मी नवीन प्रमेयाबद्दल तोंड उघडलं की सहकाऱ्यांना हटकून तासाची आठवण व्हायची. घर बाजारपेठेत, पहिल्या मजल्यावर. खालच्या मजल्यावर सावित्रीच्या पुराचं पाणी भरतं म्हणून माळ्यावर धान्याच्या डब्यांशेजारी माझे पेपर. नवऱ्यानं कधी नावं ठेवली नाहीत, पण विषय काय हेही कधी विचारलं नाही.

त्यात दर्शना आली. पोलादपूरजवळच्या कापडे गावाच्या वर डोंगरात एक वाडी आहे, तिथली. बी.एस्सी.ला माझ्याकडे होती, पुढे बाहेर शिकली आणि आमच्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर लागली. म्हणजे जितके तास शिकवाल तितक्याच तासांचे पैसे. सुट्टीत काही नाही, परीक्षेच्या महिन्यात काही नाही, जूनमध्ये पुन्हा मुलाखत द्या. तिची नोकरी हीच एक उड्या मारणारी काळपट्टी होती. डॉक्टरेट झाली तर कायम जागेच्या मुलाखतीत उभं राहता येईल, हे तिच्या घरच्यांनी पक्कं धरलं होतं. बापाचं भात आणि नाचणी, आई घरात, थोरला भाऊ महेश नालासोपाऱ्याला एका कंपनीच्या कँटीनमध्ये.

विषय काय घ्यायचा म्हणून बसलो तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, सगळे अंतर ठरलेलं घेतात. ते वाढतच जात असेल तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे आमचा दादा बघा. आधी गणपतीला नि शिमग्याला, दोन्हीला यायचा. मग नुसता गणपतीला. आता एक गणपती चुकला. पण आला की पाच दिवस राहतो, आणि त्या पाच दिवसांत घर सावरतं. अंतर कितीही वाढू दे, मुक्काम तेवढाच राहिला तरी पुरतं, असं सिद्ध करता येईल का?"

"अगं, गणित आहे हे. घरची भांडणं मिटवायची पंचायत नव्हे."

ती हसली. पण प्रश्न चांगला होता. मी आयुष्यात तसा विचारला नव्हता.

त्या घरातलं भांडण मी पुढे डोळ्यांनी पाहिलं. एका गणपतीत दर्शनानं मला वाडीवर नेलं होतं. घराच्या वर डोंगराला भेग गेली होती, पावसाळ्यात तिच्यातून गढूळ पाणी वाहायचं. महेशचं म्हणणं, घर बंद करा आणि नालासोपाऱ्याला चला. बाप म्हणजे शांताराम, काटकुळा माणूस, बोलताना कायम दुसरीकडे बघणारा.

"तुझ्या खोलीत मी पाय कुटं पसरू?" ते म्हणाले. "तुजी पोरा निजल्यावर दाराभायर बसू?"

"आणि ही दरड खाली आली म्हंजे? मी तिकडं टेन्शनमदी असतो बाबा. पाऊस लागला की डोक्याला शॉट."

"मंग नको लावून घेवस. तुला कोनी सांगितलंय?"

दोघं जेवायला उठले ते एकमेकांशी न बोलता. दर्शनाची आई माझ्याकडे बघून म्हणाली, "पैला दिस आसाच जातो. उद्यापासून बोलतील गो." आणि खरंच, पाचव्या दिवशी विसर्जनाला बाप-लेक एकाच पाटाला हात लावून ओढ्यापर्यंत गेले असं दर्शनानं मला नंतर सांगितलं. महेश निघाला तेव्हा शांतारामांनी त्याच्या पिशवीत नाचणीचं पीठ घातलं होतं.

दर्शनानं काम जिद्दीनं केलं. तास संपले की ग्रंथालयातल्या पंख्याखालचं टेबल पकडायची आणि पोलादपूरची शेवटची एसटी चुकायच्या बेताला उठायची. बऱ्याच खटपटीनंतर तिला हवं ते प्रमेय मिळालं. अंतर कितीही वाढत जावो, मुक्काम, म्हणजे मधली रेघ, ठरावीक असला तरी बिघाड शेवटी सावरतो. मला केवढा आनंद झाला होता! या प्रमेयाचा अर्धा भार एका जुन्या पूर्वप्रमेयावर, म्हणजे आधाराला घेतलेल्या छोट्या प्रमेयावर होता; ते परदेशातल्या एका मोठ्या माणसाच्या पेपरातलं. आमच्या धंद्यात रीत अशी की छापून आलेलं पुन्हा सिद्ध करत बसायचं नाही. 'पाहा अमुक पेपर' असं कंसात लिहायचं आणि पुढे जायचं. ते पूर्वप्रमेय सगळे वापरायचे. मीही वापरलेलं होतं.

प्रबंध गेला. परीक्षकांचे अहवाल आले, दोन्ही चांगले. तोंडी परीक्षा, म्हणजे व्हायव्हा, आमच्याच कॉलेजात ठेवायची परवानगी मिळाली.

व्हायव्हा कुणालाही ऐकता येते, पण ऐकायला कुणी येत नाही. दोन परीक्षक, मार्गदर्शक आणि पेंगणारे चार जण. दर्शनाच्या व्हायव्हाला मात्र वाडी उतरली. दोन जीप भरून. बायका ठेवणीतल्या नऊवारीत, पुरुष पांढऱ्या टोप्यांत. पेढ्यांचे खोके, हार, दर्शनाला नेसवायची पैठणी, सगळं आणलेलं. वाडीत पहिलीच डॉक्टर होती ना. शिपायाला वर्गातून बाकं आणावी लागली. आणि सकाळच्या गाडीनं महेश आला. मधले दोन गणपती त्यानं चुकवले होते, त्याआधी भांडण मिटवून गेलेला, पण फोनवर पुन्हा त्याच भेगेवरून वाजलेलं. तो बापाच्या बाकावर बसला, दोघांच्या मध्ये हाराची पिशवी ठेवून.

बाहेरून आलेले परीक्षक म्हातारे आणि मऊ बोलणारे होते. एवढी माणसं बघून तेही खुशीत आले. म्हणाले, "मुली, मुख्य प्रमेय जरा फळ्यावर मांड. मंडळींनाही कळू दे काय केलंस ते."

दर्शनानं खडू उचलला. छान चाललं होतं. पूर्वप्रमेयापाशी आली, "एका अंतरात बिघाड जास्तीत जास्त के पट होतो" असं म्हणत तिनं के हे अक्षर लिहिलं, मंडळींकडे वळली, आणि थांबली.

मला वाटलं विसरली. मी मान हलवून धीर दिला. ती बाकांकडे बघत होती. मग फळ्याकडे. मग हळू आवाजात म्हणाली, "सर, इथं चुकलंय."

"कुठे?"

"हा के. प्रत्येक अंतराला मिळतो. पण प्रत्येकाचा निराळा. सगळ्यांना मिळून एक के आहे असं आपण धरलंय, आणि तो नाहीये."

तिचं वाक्य संपायच्या आत मलाही ते दिसलं. वाचकांसाठी सांगते. प्रत्येक विहिरीला पुरेल असा एकेक दोर मिळतो, यात वाद नाही. म्हणून काय सगळ्या विहिरींना पुरेल असा एकच दोर मिळतो का? चार-सहा विहिरी असल्या तर मिळेल, सगळ्यात लांब तो घ्या. पण विहिरी एकीपेक्षा एक खोल होत गेल्या, आणि संपल्याच नाहीत, तर कुठला दोर घ्याल? मोठ्या माणसानं एकेका विहिरीपुरतं बरोबर लिहिलं होतं, फक्त सैल लिहिलं होतं. आम्ही सगळ्यांनी ते एका दोरासारखं वापरलं. असली चूक शेतकरी करणार नाही, वाणी करणार नाही. ती करायला गणितच शिकावं लागतं.

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. त्यांनाही दिसलं. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "काय झाला रं?" कुणीतरी म्हणालं, "गप, इचार करतेत."

परीक्षक माझ्याकडे झुकून म्हणाले, "बाई, यात घाबरण्यासारखं नाही. एक ओळ घालू द्या तिला. अंतरे मर्यादित आहेत असे गृहीत धरू. मग सगळं बरोबर होतं. हातानं लिहील, आम्ही शेजारी सही करू. तिला बाहेर नेऊन जरा शांत करा."

शेजारच्या रिकाम्या स्टाफरूममध्ये मी तिला नेलं. ती खुर्चीत बसेना.

"मॅडम, ती ओळ घातली तर उरतं काय? अंतरं मर्यादित असली की मुक्काम पुरतो, हे आधीच माहितीये लोकांना. माझं त्यात काय?"

"तुझी पदवी आहे त्यात. रजिस्ट्रेशनची शेवटची मुदतवाढ संपलीय. ही वेळ गेली की पुन्हा पहिल्यापासून. तासिकेवर आणखी किती वर्षं काढणार आहेस?"

"पण खोटं आहे ना ते. आमच्या घरातली अंतरं मर्यादित नाहीयेत."

"अगं, कोण विचारतंय तुझ्या घरातलं!"

मी ओरडले. मग वाईट वाटलं. तिला विचारलं, "इतक्या वेळा लिहिलंस, आजच कसं दिसलं?"

"दादाला बघितलं," ती म्हणाली. "के लिहिला नि दादा दिसला. मधली पिशवी दिसली. वाटलं, हा के कुठल्या वर्षीचा?"

तेवढ्यात दारात शांताराम आले. त्यांना काय कळलं होतं कोण जाणे, पण काहीतरी अडलंय एवढं नक्की कळलं होतं. आत न येता चौकटीला धरून उभे राहिले.

"म्याडम, कितीचं काम हाय?"

"एका ओळीचं," मी म्हटलं.

ते लेकीकडे न बघता, खिडकीकडे बघत बोलले, "लिव ना बाय एक वळ. येवढी मान्सा आलीत."

दर्शनानं ती ओळ लिहिली. परीक्षकांनी शेजारी सही केली. मग टाळ्या, हार, पेढे. बायकांनी तिच्या खांद्यावर पैठणी टाकली आणि तिचे फोटो काढले, त्यातल्या एकाही फोटोत ती कॅमेऱ्याकडे बघत नाहीये. महेशनं सगळ्यांना पेढे वाटले. बापापुढे खोका धरला तेव्हा शांतारामांनी पेढा घेतला, पण "घे रे तू पन" असं काही म्हणाले नाहीत. तो दुपारच्याच गाडीनं परत गेला. त्याला एका दिवसाचीच रजा होती.

पुढचं लवकर सांगते, कारण सांगताना माझंच तोंड कडू होतं. कायम जागा निघणार निघणार म्हणत होते, ती निघाली नाही. दर्शना डॉक्टर होऊन तासिकेवरच राहिली. पाटीवर नावाआधी 'डॉ.' वाढलं, पगारात काही नाही. मी निवृत्त झाले. आमच्या विषयात ते पूर्वप्रमेय आजही लोक वापरतात. मी दोघा-तिघांना कळवलं. एकानं आभार मानले, बाकीच्यांनी उत्तर दिलं नाही.

एका उन्हाळ्यात दर्शना घरी आली. हातात तीन-चार पानं. टेबलावर पसरून म्हणाली, "मॅडम, ती ओळ काढून टाकली. आता खरं काय ते निघालंय."

ते इतकं स्वच्छ होतं की मला हेवा वाटला. अंतर वाढत गेलं तर ठरावीक मुक्काम पुरत नाही, कितीही आटापिटा करा. पण मुक्कामही वाढवत नेला तर पुरतं. आणि गंमत म्हणजे फार वाढवावा लागत नाही. अंतर दर वेळी दुप्पट झालं तर मुक्कामात दर वेळी थोडीशीच भर लागते.

"म्हणजे एखादा दिवस?" मी विचारलं.

"एखादा दिवस," ती म्हणाली. "पण तो लागतो."

तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला होता. आम्ही दोघींनी बसून पेपर नीट लिहिला आणि गणिताच्या एका नियतकालिकाला पाठवला. संपादकांचं उत्तर आलं. निष्कर्ष बरोबर आहे, पण फारच सोपा आहे, आमच्या वाचकांना त्यात रस वाटणार नाही. सोपा! बरोबर उत्तर दिसल्यावर ते सोपंच दिसतं, हे त्यांना कोण सांगणार? मी संतापले, दुसरीकडे पाठवू म्हटलं. दर्शना म्हणाली, "राहू दे मॅडम. सोपंच आहे." मला तेव्हा दासगावच्या गृहस्थांची आठवण झाली. उपयोग काय, या त्यांच्या प्रश्नाला आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे उत्तर होतं, पण ते त्याआधीच वारले होते.

त्यानंतरच्या गणपतीला महेश वाडीवर येऊन गेल्याचं कानावर आलं. तिथं काय झालं ते दर्शनानं सांगितलं नाही, मीही खोदून विचारलं नाही. शिमगा तोंडावर आलेला असताना एका सकाळी तिचा फोन आला. "मॅडम, बाबा गेले." गुरं सोडायला म्हणून गोठ्याकडे गेले आणि तिथेच बसले ते उठले नाहीत. भेगेनं काही केलं नाही. ती अजून तशीच आहे.

तेराव्याला मी वाडीवर गेले. जीप वरपर्यंत जाते पण शेवटचा चढ चालावा लागतो, माझे गुडघे आता ऐकत नाहीत. अंगणात मांडव होता. महेश डोक्याचे केस काढलेला, पुढे येऊन माझ्या पाया पडला. जेवणं झाल्यावर तो माझ्याजवळ पायरीवर येऊन बसला.

"म्याडम, ही तुमची डॉक्टरीण गनपतीला मला म्हनाली होती. दादा, एक दिस जास्त ऱ्हा. एकच. मी म्हनलं का गो? तर बोलली, गनितात आलंय." तो हसल्यासारखं करायला गेला, ते जमलं नाही. "पाचव्या दिवशी बाबा नि मी दोगं पानवट्यावर एकत्र गेलो होतो. आजून नीट बोलनं नव्हतं. पन बाबा बोलायला लागले होते. म्हनले, भेग दाकवतो तुला, उद्या वर जाव. मी म्हनलं, उद्या ड्युटी हाय बाबा. कंपनीत सुट्टी पाच दिस म्हंजे पाच दिस."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"आन आता बगा," तो म्हणाला, "सायेबानं सोताहून सांगितलं, तेरावा करूनच ये. तेरा दिस ऱ्हायलो. मुंबईला गेल्यापासून येवढा कदी ऱ्हायलो नवतो. सगळी भेग चढून बगून आलो. कोनाला सांगू?"

मांडव उतरवला, भांडी परत गेली. आई नालासोपाऱ्याला महेशकडे जाणार हे ठरलेलं होतं. गुरं शेजारच्यांनी नेली. दर्शना महाडलाच खोली घेऊन राहणार होती. निघायच्या वेळी आई घरात परत परत जात होती, कधी चिमटा आणायला, कधी काही न आणताच. महेश बोचकी घेऊन तिच्यासह पुढे उतरला. मी आणि दर्शना मागे राहिलो. ती दार ओढत होती, दार इतक्या पावसाळ्यांनी वाकलेलं, नीट बसेना.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "तो पेपर मी पुन्हा पाठवते. यावेळी माझं नाव काढून, तुझ्या एकटीच्या नावानं. एवढं बरोबर काम वाया घालवायचं नाही."

तिनं खांदा लावून दार बसवलं आणि कडी घातली.

"मॅडम, आपण त्या एका ओळीवरून केवढं भांडलो ना? स्टाफरूममध्ये."

"हो."

"ती ओळ नव्हतीच महत्त्वाची. पहिल्या पानावर होती ती कुणीच वाचली नाही. तुम्ही नाही, सरांनी नाही, मी टाइप केली तरी मी नाही."

"कुठली गं?"

"काळ पुढे संपत नाही, असे गृहीत धरू."

तिनं कुलूप लावलं, एकदा ओढून पाहिलं, आणि माझ्या गुडघ्यांचं लक्षात ठेवून माझा हात धरला. खाली वळणावर तिची आई थांबली होती. आम्ही येतोय हे बघून ती पुढे चालायला लागली.